बारावा पंच

उप्साला, ९ फेब्रुवारी १९५३

प्रिय हाल्वार,

अक्षर ओळखलंस का? आता बोटं वळत नाहीत, म्हणून ओळी अशा उतरणीला लागल्यात. चोवीस वर्षांनी हा बाबा कुठून उगवला, असं तू म्हणशील. म्हण. तो हक्क तुझा आहे.

कारण आनंदाचं आहे. ऑलबाकाच्या न्यायालयात माझं तैलचित्र लावायचं ठरलंय. त्या दालनात आधीचे सहा न्यायाधीश भिंतीवर लटकलेत ना, त्यांच्या ओळीत सातवा मी. लहानपणी आपण खिडकीला नाक लावून त्यांना बघायचो, तेव्हा तू म्हणायचास, या सगळ्यांच्या पोटात कळ आलीय. चित्रकाराने माझं नाक निम्म्याने कमी केलंय, पण कळ त्यालाही लपवता आलेली नाही. तिथली चौदा वर्षांची न्यायाधीशी, नंतर वरिष्ठ सभागृहातली सोळा वर्षं, न्यायालयांच्या सुधारणेची समिती, असं सगळं चौकटीखालच्या पितळी पट्टीवर कोरणार आहेत. पट्टी चित्रापेक्षा मोठी होईल अशी मला भीती आहे.

समारंभ शनिवारी, ३० मेला. मी एकच अट घातलीय. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी तू हवास. सात वर्षं आपण शाळेत एका बाकावर बसलो. बर्फाला भोक पाडून मासे धरायला मला तू शिकवलंस. मी न्यायाधीश होऊन गावात आलो, तर अकरा वर्षं तू माझ्या कोर्टात पंच होतास. दुसऱ्या कुणाला बसवू?

तुझी गेर्दा गेल्याचं कळलं तेव्हा मी पुष्पचक्र पाठवलं होतं. मिळालं असेलच. अधिवेशन चालू होतं, नाहीतर आलो असतो.

मधे काही गैरसमज झाले असतील तर आता वयं झाली आपली. सोडून देऊ.

तुझा
राइन
(निवृत्त न्यायाधीश, माजी सभासद, सध्या संधिवाताचा ताबेदार)


उप्साला, ५ मार्च १९५३

प्रिय हाल्वार,

तुझं उत्तर नाही. त्याऐवजी न्यायालयाची देखभाल करणाऱ्या ओटिलियाबाईंचं आलं. दालनाचे पडदे धुवायचे की बदलायचे, हे विचारायला त्यांनी दोन पानं लिहिलीत आणि शेवटी चार ओळी तुझ्याबद्दल. त्या तशाच उतरवतो:

"साहेब, हाल्वारची खुर्ची पुढे मांडू नका. तो येणार नाही. चोवीस वर्षांत तो या पायऱ्या चढलेला नाही, जमिनीच्या कागदांनासुद्धा मुलाला पाठवतो. गावात त्याला अजून 'क्लिंगवालचा बारावा' म्हणतात. गेर्दाच्या मातीला आम्ही नऊ माणसं होतो, आणि मी शंभर पाव भाजले होते. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगतो, मला आधी राग आला. तुझा नाही, गावाचा. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला इतकी वर्षं वाळीत टाकायचं?

तो दावा कायद्याला धरून चालला होता. सगळं आठवतंय मला. क्लिंगवालच्या लाकूड गिरणीत कामगारांचा स्वयंपाक करणारी ती मुलगी. तिला लग्नावाचून मूल झालं, आणि बाप म्हणून तिने मालकाच्या मुलाकडे, सिक्स्टनकडे बोट दाखवलं. सिक्स्टनने कानांवर हात ठेवले. साक्षीला एक दूधवाली. सबंध हिवाळाभर सिक्स्टनच्या घोड्याची घुंगरं त्या मुलीच्या दाराशी थांबताना ऐकली म्हणे. घोडा थांबला म्हणून बाप ठरतो का? पुरावा असा अर्धामुर्धा असला की न्यायाधीशाने पुरुषाला शपथ द्यायची, त्याने बायबलवर दोन बोटं ठेवून "मी नव्हे" म्हणायचं, आणि सुटायचं. तेव्हाची रीतच ती होती.

फिर्यादी बोलत होती, बोलतच होती. दिवेलागण व्हायला आली होती. मी "पुरे" म्हटलं. न्यायाधीशाला तसं म्हणावंच लागतं.

आणि पंचांची रीत तर तुला सांगायलाच नको. बाराच्या बारा पंच एकमुखाने न्यायाधीशाच्या विरुद्ध गेले तरच त्यांचं चालतं. एक जरी न्यायाधीशाकडे राहिला, तरी चालतं ते न्यायाधीशाचं. अकरा गेले, तू राहिलास. हे नियम मी केले नव्हते.

तू माझ्याकडे राहिलास यात तुझा दोष काय, ते मला कळत नाही. उत्तर दे. दोन ओळी दे.

राइन


उप्साला, २७ मार्च १९५३

प्रिय हाल्वार,

काल जुन्या दप्तरातून त्या दाव्याची नक्कल मागवून घेतली. १९२९, शरद ऋतूचं सत्र, खटला क्रमांक एकेचाळीस. वाटलं, निकाल पुन्हा वाचला की जिवाला बरं वाटेल. निकाल मोठा नेटका आहे. मला नेटकं लिहायला येतं, हे तू शाळेपासून जाणतोस. निबंध माझा असायचा, छडी तुला बसायची.

पंचांबद्दल त्यात एकच ओळ आहे. "एकमत झाले नाही, न्यायाधीशांचे मत कायम." कुणाचंही नाव नाही. बंद दाराआडचं बाहेर बोलायचं नाही, अशी पंचांची शपथ असते, म्हणून नाव लिहीत नाहीत. मग गावाला तुझं नाव कळलं कसं? मी ओटिलियाबाईंना विचारलं. त्यांनी कळवलं, अकरांपैकी कुणीही शपथ मोडली नाही. प्रत्येकाने घरी जाऊन फक्त एवढंच सांगितलं, "मी नव्हतो." आणि तू एवढंही बोलला नाहीस. गावाने वजाबाकी केली.

त्या ओळीच्या आधी कोऱ्या जागेची दोन बोटं आहेत. तिथे कॉफीची सुट्टी झाली होती. त्या सुट्टीबद्दल मी आजवर कुणाजवळ अवाक्षर काढलेलं नाही, माझ्या बायकोजवळसुद्धा नाही.

पहिल्या फेरीला अकराजण माझ्या विरुद्ध बोलले. तू म्हणालास, "मला जरा विचार करू दे." मी लगेच घड्याळ बघितलं आणि म्हटलं, कॉफी घेऊ. मग तुला घेऊन पायऱ्यांवर आलो. बर्फ आणि पाऊस एकत्र पडत होता. तुझ्या हातात वेलदोड्याचा पाव होता.

"सिक्स्टनच आहे रे," तू म्हणालास. "ती घुंगरं सगळा गाव ओळखतो. माझी गाय ओळखते."

"घुंगरांवर निकाल देता येत नाही."

"कायदाच तसा आहे?"

"कायदा काय आहे ते मला विचार. त्यासाठीच मला तिथे बसवलंय ना?"

तू पाव खाल्ला नाहीस, खिशात टाकलास. आणि मग मी ते बोललो. "हाल्वार, बाराच्या बारांनी मला उताणं पाडलं, तर या तालुक्यात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं लहानपणी बर्फ करकरला की बघायचास. आणि आत गेलास.

न्यायाधीशाने सुट्टीत एका पंचाला बाजूला घेऊन बोलू नये. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आज लिहून टाकलं.

राइन


उप्साला, १९ एप्रिल १९५३

हाल्वार,

अजूनही तुझं उत्तर नाही, आणि आता मी त्याची वाट बघत लिहीत नाही. आता थांबता येत नाही म्हणून लिहितोय.

मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं. तुझ्यासमोर लाजेचं कारण पुढे केलं. लाज होतीच. पण त्याच्या दोन महिने आधी, ऑगस्टात, क्लिंगवालच्या बागेत शेवंडांची मेजवानी झाली होती. दरवर्षीसारखीच. झाडांना कागदी कंदील, नदीतली शेवंडं शेपूच्या तुऱ्यांत उकडलेली, सगळ्यांच्या डोक्यावर त्या टोकदार कागदी टोप्या. थोरला क्लिंगवाल टोपी घालूनच माझ्या कानाशी लागला. जिल्हा परिषद त्याच्या खिशात होती, आणि वरिष्ठ सभागृहावर कोणाला पाठवायचं ते परिषद ठरवते. "वसंतात एक जागा रिकामी होतेय," तो म्हणाला. "आम्हाला असा माणूस हवाय, ज्याला कायदा आणि माणुसकी दोन्ही कळतात." सिक्स्टनचं नाव त्याने काढलं नाही. एक शब्द नाही. नुसतं एक शेवंड सोलून माझ्या ताटात ठेवलं.

मी ते खाल्लं.

आता जे लिहितोय त्यासाठी मला तीन दिवस लागले. कायदा तसा नव्हता, हाल्वार. सिक्स्टनला शपथ द्यायची की पुरावा पुरेसा धरून त्याला बाप ठरवायचं, हे कायद्याने माझ्यावर सोडलं होतं. दूधवालीची साक्ष पुरेशी होती. दुसऱ्या कुणाच्या मुलाविरुद्ध मी तेवढ्यावर निकाल दिला असता, आणि तसे दिलेही होते. पायऱ्यांवर मी तुला कायदा सांगितला नाही. माझी सोय सांगितली.

पुढच्या वर्षी मी सभागृहात गेलो. तिथे माझं जे भाषण गाजलं, ते कशावर होतं ठाऊक आहे? न्यायालयातल्या याच शपथेवर. ती रद्द करा, असं मी घसा फोडून सांगितलं. "सभासदहो, माणसाला देवाच्या पुस्तकावर खोटं बोलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!" बाकं वाजली. वर्तमानपत्रांनी मला निर्भीड म्हटलं. कुठे पाहिलंत, आणि शपथ दिली कोणी होती, असं मला कुणीसुद्धा विचारलं नाही. सोळा वर्षं मी तिथे नाकाने कांदे सोलले. नवा कायदा आला, ती शपथ गेली, आणि त्याचं श्रेय माझ्या पितळी पट्टीवर कोरलंय.

इतकी वर्षं तुला पत्र लिहायला मी वेळ नाही म्हणत आलो. वेळ होता. तोंड नव्हतं.

३० मेला मी हे सगळं त्या दालनात, सगळ्या गावासमोर सांगणार आहे. तू विकला गेला नव्हतास, तुला मी गळ घातली होती, हे सांगणार आहे. तू शपथेला जागून गप्प राहिलास आणि मी तुझ्या गप्प राहण्याच्या सावलीत मोठा झालो, हेही. पण तुझं नाव माझ्या तोंडून निघायचं, तर तुझी परवानगी हवी. हो किंवा नाही, एवढंच कळव.

राइन


उप्साला, १० मे १९५३

हाल्वार,

तुझं पत्र आलं. वहीच्या एका पानावर, पेन्सिलीने. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. तू लिहितोस:

"राइन, तुझ्यावर उपकार म्हणून मी तुझ्याकडे राहिलो, असं तू समजतोस. तसं असतं तर मी केव्हाच विसरून गेलो असतो. दोस्तीखातर माणूस गाढवपणा करतो, त्यात काय. पण तू म्हणालास कायदा असा आहे, म्हणून मी तसं केलं. मला वाटलं, आम्हा शेतकऱ्यांना जे दिसत नाही ते तुला दिसतंय. लोक चर्चमध्ये माझ्या बाकावर बसेनात, मळणीला येईनात, तेव्हा मी मनात म्हणायचो, यांना कायदा कळत नाही, राइनला कळतो. गेर्दालाही तेच सांगितलं. ती ते खरं मानून गेली. आता तुझं चौथं पत्र आलंय, आणि माझ्याकडे तेवढंही राहिलेलं नाही.

बोलायचं तर बोल. मी येईन. पण पुढे बसणार नाही, मागे दाराशी उभा राहीन.

आणखी एक. तू चार पत्रं लिहिलीस. त्या मुलीचं नाव एकाही पत्रात नाही. बघ चाळून."

तू मला शिव्या घातल्या असत्यास तर सोसल्या असत्या. माझ्यावर तू खरोखर विश्वास ठेवला होतास, हे मात्र सोसवत नाही. मी आजवर समजत आलो, की मी एका मित्राची दोस्ती वापरली. मी तुझी सचोटी वापरली, आणि तुझ्याजवळ तेवढंच होतं.

नावाचं म्हणशील, तर ते मला ठाऊक आहे. नकलेत पहिल्याच पानावर आहे. न्यायालयात नावं घ्यायची नसतात, फिर्यादी आणि प्रतिवादी म्हणायचं असतं. ती सवय हाताला आहे, दुसरं काही नाही.

ये. दाराशी उभा राहा. मला तिथून दिसशील.

राइन


ऑलबाका, ३१ मे १९५३

मायकेन स्योलुंड यांस,

तुमचा पत्ता मला हाल्वार नोरेलने दिला. त्याच्याकडे तो होता. कसा, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी राइनहोल्ड थुरेसन. १९२९ च्या शरद ऋतूत तुमचा दावा ज्याच्यासमोर चालला तो. तेव्हा मी तुम्हाला "तू" म्हटलं होतं आणि सिक्स्टन क्लिंगवालला "आपण". नकलेत ते लिहिलेलं नाही, पण मला आठवतंय आणि तुम्हालाही आठवत असेल.

काल इथल्या न्यायालयात माझं चित्र लावायचं होतं. त्याऐवजी मी उभा राहून सांगितलं, की तो निकाल चुकून लागलेला नव्हता. तो निकाल मी जाणूनबुजून दिला, सभागृहातल्या जागेसाठी आणि पंचांनी पाडलं ही नामुष्की नको म्हणून. हाल्वारला मी कायद्याचं नाव सांगून फसवलं. सिक्स्टनच तुमच्या मुलीचा बाप आहे हे मला ठाऊक होतं, निकाल देताना ठाऊक होतं. माझा आवाज चांगला लागला होता. सवय आहे ना. मी म्हणत होतो, "त्या दिवशी फिर्यादीवर अन्याय झाला, फिर्यादीने एकटीने..." तेवढ्यात दाराशी उभा असलेला हाल्वार बोलला. मोठ्याने नाही.

"राइन, तिला नाव आहे."

मी थांबलो. नाव मला ठाऊक होतं, महिनाभर रोज वाचत होतो. तोंडातून निघेना. सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता.

"मायकेन," हाल्वार म्हणाला. "मायकेन स्योलुंड. आणि मुलीचं नाव सोल्वेई."

त्यानंतर मला पुढे बोलता आलं नाही. शेवटी ओटिलियाबाई म्हणाल्या, "कॉफी गार होतेय, या सगळ्यांनी." आणि लोक उठले. त्या अकरांपैकी दोघेच आता जिवंत आहेत. त्यातल्या एकाने बाकावर सरकून जागा केली आणि हाल्वारकडे न बघता म्हणाला, "बस रे. पाय दुखतील." हाल्वार बसला. माझ्याजवळ तो आला नाही, आणि मी त्याला बोलावलं नाही. चित्र मी परत न्यायला सांगितलंय. भिंतीवर खिळा राहिलाय, ओटिलियाबाई त्यावर कॅलेंडर लावणार आहेत.

हे सगळं तुम्हाला मी प्रशस्तीसाठी सांगत नाही. संध्याकाळी खोलीवर आल्यावर माझ्या ध्यानात आलं, की चार महिने मी माफी मागत होतो ती एका मित्राची, आणि ज्या मुलीच्या जिवावर हे सगळं झालं तिच्याशी मी कागदावरसुद्धा बोललो नव्हतो. कालसुद्धा मी गावाशी बोललो. तुम्हाला बोलावलंही नव्हतं. ते माझ्या डोक्यातच आलं नाही, मायकेनबाई. हे कबूल करणं मला निकालापेक्षा जड जातंय.

मी काही भरून देऊ शकत नाही. चर्चच्या वहीत सोल्वेईच्या नावापुढे बापाची जागा कोरी आहे, आणि सिक्स्टन सहा वर्षांपूर्वी गेला. दिलेली शपथ आता उलटवता येत नाही. मी स्वतः कायद्याच्या पुस्तकांत शोधून पाहिलं. या पत्राखाली माझी सही आहे. सोल्वेईला दाखवायचं असेल तर दाखवा, चुलीत घालायचं असेल तर घाला. तुम्ही मला माफ करावं असं मी म्हणणार नाही. ते मागायलासुद्धा आधी तुमच्यासमोर उभं राहावं लागेल.

एकच गोष्ट विचारतो. त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर उभ्या राहून काही सांगत होता. हातात हिरवा रुमाल होता. "साहेब, त्या रविवारी तो मला म्हणाला," इथपर्यंत आलात, आणि मी घड्याळ बघून "पुरे" म्हटलं. नकलेत तुमचं बोलणं तिथेच तुटलंय. तो काय म्हणाला, ते कुणी लिहून घेतलेलं नाही, आणि मी ऐकलेलं नाही.

सांगावंसं वाटलं तर सांगा. पत्राने सांगा, नाहीतर बोलवा, मी येईन. या खेपेला मी मधे बोलणार नाही.

राइनहोल्ड थुरेसन